भायेरचं ताट

फोन आला तेव्हा दुपारचं जेवण आटोपून मी अकोल्याच्या घरी गॅलरीत बसले होते. मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ. फोन चांदूर बाजारहून प्रकाशचा, म्हणजे भाऊंच्या पुतण्याचा. म्हणाला, "मावशी, भाऊ गेले."

मी म्हटलं, "कोनाकडे?"

तिकडे सगळं चूप. मला वाटलं, रेंज गेली. म्हणून मी आणखी मोठ्यानं विचारलं, "अरे, गेले तं कोनाच्या घरी गेले? अन् तू जाऊ कसं देल्लं त्याईले इतल्या उन्हाचं? एका डोयानं दिसत नाई त्याईले!" मग तिकडून प्रकाशच्या रडण्याचा आवाज आला, आणि मी सूप बाजूला ठेवलं. डाळ सांडली नाही. सिनेमात सांडते. मी नीट खाली ठेवली, वर फडकं घातलं, आणि मग तशीच बसून राहिले...

हसू नका. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही तेच विचारलं असतं. पन्नासएक वर्षं आमच्याकडे 'भाऊ गेले' याचा एकच अर्थ होता, भाऊ कोणाच्या तरी घरी जेवायला गेले. कुठे पाणी अडवलं, कुठे रस्ता अडवला, कोणाला गावानं वाळीत टाकलं, की सुखदेवभाऊ निघायचे. मोर्चा नंतर, निवेदन नंतर. आधी ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याच दारात, ऐन जेवायच्या वेळेला, पायातल्या चपला हातात घेऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "भूक लागली. जेवाले येऊ का?" हे त्यांचं आंदोलन. वऱ्हाडातला माणूस शिव्या देईल, कोर्टात खेचेल, पण दारातल्या भुकेल्याला 'नाही' म्हणताना त्याची जीभ अडकते. भाऊंनी अख्खं आयुष्य त्या अडकलेल्या जिभेवर काढलं.

एकदा मी त्यांना विचारलं होतं की तुम्ही इतर पुढाऱ्यांसारखं उपोषण का करत नाही. म्हणाले, "मी उपाशी राह्यलो का समोरचा घाबरते. घाबरलेला मानूस आयकत नाई, नुसता हो म्हनते. जेवू घालनारा आयकते." एवढंच. पुरवणीच्या संपादकांनी मला सांगितलं आहे की भाऊंच्या विचारांवर लिहा. त्यांचे विचार हे असे एका घासात मावणारे होते, त्यामुळे मी जेवणावरच लिहिणार आहे. पेपरात त्यांना 'अहिंसेचे पुजारी' म्हटलं गेलं. भाऊंनी ते वाचलं असतं तर मागे वळून पाहिलं असतं, पुजारी कोण आला म्हणून.

शेवटची भेट त्याच्या महिनाभर आधीची. डोळे दाखवायला ते अकोल्याला आले होते. तपासून झाल्यावर ऑटो करून माझ्याकडे आले. मी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता. त्यांचा जीव की प्राण. एरवी वाटी पुढे करून गप्प बसत, म्हणजे आणखी हवा आहे हे आपण समजायचं. त्या दिवशी अर्धी भाकर खाल्ली आणि उठले. आपलं ताट ते कोणाला धुऊ देत नसत. नळाखाली ताट धरून, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "शकुतला, जाऊन आली का कमलकडे?"

कमल ही माझी धाकटी जाऊ. हिवरखेडला असते. दहाएक वर्षं झाली, आमचं बोलणं नाही. का नाही ते पुढे सांगते, सांगण्यासारखं फार नाहीच. मी म्हटलं, "नाई."

"काहून?"

"तिनं यावं."

"तिले बी तेच वाटते."

"तुमाले कसं माईत?"

भाऊंनी ताट पुसून जाग्यावर ठेवलं, चष्मा सदऱ्याला पुसला, आणि म्हणाले, "पुढच्या खेपेले येतो, मंग दोघं मिळून जाऊ. तुमा दोघीच्या मधात बसून जेवीन. लय दिवसाचं राह्यलं हाय."

ती पुढची खेप आली नाही. तेव्हा याला तुम्ही श्रद्धांजली म्हणा, आठवणी म्हणा, माझ्यापुरतं विचाराल तर एक जेवण राहून गेलं होतं, त्याची ही गोष्ट आहे.

आता पहिली भेट. त्यासाठी मी तेव्हा कशी होते हे सांगणं भाग आहे, आणि ते आठवलं की मला त्या पोरीला एक चिमटा काढावासा वाटतो. चांदूर बाजारची, मॅट्रिक झालेली, आणि मॅट्रिक झाल्याचं चालण्यातसुद्धा दिसावं अशी चालणारी. लग्न होऊन हिवरखेडजवळच्या खेड्यात आले तेव्हा मी ठरवलं होतं की या घरात आपण शुद्धच बोलायचं. सगळे 'पानी' म्हणायचे तेव्हा मी 'पाणी' म्हणायची, 'ण'वर असा जोर देऊन की गोठ्यातले बैल मान वळवून पाहायचे. नवरा म्हणायचा, "तू चांदूरची हाय का पुन्याची?" मी म्हणायची, "चांदूरचीच आहे, परंतु सुशिक्षित." परंतु! नवऱ्याशी बोलताना 'परंतु' म्हणणारी बाई होते मी. त्यानं मला नांदवलं, हे त्याचे उपकार.

माझ्या रुखवतात इस्टीलचं एक मोठं ताट होतं. तेव्हा इस्टील म्हणजे सोन्याच्या खालोखाल. वडिलांनी ते चांदूर बाजारच्या दुकानातून घेतलं आणि काठावर माझं नाव घालून घेतलं. नाव घालणाऱ्याचं लक्ष कुठे होतं कोण जाणे, त्यानं ठकठक करत 'शकुतला' घालून दिलं. अनुस्वार गेला! मी हंबरडा फोडला. वडील म्हणाले, "जेवाचं ताट हाय का परीक्षेचा पेपर?" पण मला तो माझ्या शिक्षणाचा अपमान वाटला, आणि ते ताट मी साडीत गुंडाळून पेटीत तळाशी ठेवून दिलं.

आमच्या त्या खेड्यात एका बाजूला बौद्ध वस्ती होती. तिथून त्यांच्या मसणवटीकडे जाणारी पांदण, म्हणजे शेतांच्या मधली गाडीवाट, आमच्या शेताच्या कडेनं जायची. मजुरीवरून मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, वस्तीतल्या लोकांशी वाजलं आणि रागाच्या भरात त्यांनी पांदणीवर बाभळीच्या काट्या टाकून वाट बंद करून टाकली. पावसाळ्यात वस्तीतली एक म्हातारी वारली. तिला लोकांनी नाल्याच्या कमरेएवढ्या पाण्यातून, खांद्याच्याही वर धरून नेलं. त्यानंतर वस्तीतली तरणी पोरं काठ्या काढायच्या बेतात होती, पण कोणीतरी म्हातारं शहाणं निघालं आणि त्यानं भाऊंना निरोप धाडला. भाऊ त्याच समाजातले, चांदूर बाजारचे, मास्तरकी सोडून या कामाला लागलेले. रोज पहाटे विहारात तासभर डोळे मिटून बसायचे आणि मग दिवसभर लोकांच्या भांडणात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे मला फार उशिरा कळलं.

पुढारी येणार म्हटल्यावर मी खिडकीआड उभी. माझ्या डोक्यात जीप, हार, घोषणा, आणि एक करारी चेहरा. आला तो एक काटकुळा माणूस, पायजमा घोट्याच्या वर, खांद्याला पिशवी, चपला हातात. मी इतकी हिरमुसले की सांगता सोय नाही.

मामाजी ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "काय रे, कोन पायजे?"

"पाटील, भूक लागली. जेवाले येऊ का?"

मामाजींच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला. भांडायची त्यांची पूर्ण तयारी होती, चार शिव्या ओठांवर होत्या, पण या प्रश्नाला त्या बसेनात. शेवटी पुटपुटल्यासारखं "बस" म्हणाले. सासूबाई लगबगीनं आत आल्या आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "भायेरचं ताट आन."

गोठ्याच्या कोनाड्यात जर्मनचं, म्हणजे अल्युमिनियमचं, एक चेपलेलं ताट असायचं. वस्तीतून सोंगणीला, पीक कापायला येणाऱ्या माणसांना त्यात वाढायचे. घरात सगळे त्याला 'भायेरचं ताट' म्हणायचे. मी नवी. मला काय माहीत? मी माझी मॅट्रिकची अक्कल चालवली. भायेरचं, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठी. म्हणजे पाहुण्यांचं. म्हणजे घरातलं सगळ्यात चांगलं. मी पेटी उघडली, साडीत गुंडाळलेलं ताट काढलं, धुतलं, त्यात भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा, कांदा वाढला आणि ओसरीवर नेऊन भाऊंच्या समोर ठेवत म्हणाले, "आपण भोजनास प्रारंभ करावा."

भाऊंनी वर पाहिलं. "भोजन नाई व माय, जेवन. भोजनाले टाइम लागते." मग ताटाचा काठ बोटानं पुसून त्यांनी नाव वाचलं. "शकुतला. कोन व शकुतला?"

"मी. परंतु ते शकुंतला असे आहे. अनुस्वार राहिला आहे."

"मंग काय झालं? एक टिकलीच तं राह्यली. लावून देऊ कवातरी."

मी आत आले तर सासूबाईंनी दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर हिरवं-निळं होतं. "ते ताट काहून देल्लं व?" मी म्हटलं, "आपणच म्हणालात, बाहेरचे!" भाऊ गेल्यावर त्यांनी ते ताट माझ्याकडून राखेनं घासून घासून घेतलं, तरी समाधान होईना. शेवटी ठरलं की ते आता वेगळंच ठेवायचं, तो माणूस आला की त्यालाच द्यायचं. म्हणजे माझ्या रुखवतातलं इस्टीलचं ताट त्या दिवसापासून 'भायेरचं ताट' झालं.

पुढे सत्कारांमध्ये लोक हा प्रसंग सांगू लागले. काय धाडस, काय क्रांती, एका नव्या सुनेनं कशी रूढी मोडली... मी स्टेजवर मान खाली घालून ऐकून घेते. क्रांती कशाची? शुद्ध मराठी बोलणाऱ्या बाईला मराठी समजलं नाही, एवढंच झालं.

भाऊ पुन्हा आले. पुन्हा आले. दर खेपेला तोच प्रश्न, तेच ताट, आणि रस्त्याबद्दल अवाक्षर नाही. सासूबाईंना विचारणार, ठेच्यात लसूण आधी टाकता की मागून. मामाजींना विचारणार, गाय कितव्या वेताची. मामाजी दिवसेंदिवस हैराण. एक दिवस त्यांना ते सहन झालं नाही. ओरडले, "अरे, रस्त्याचं बोल ना एकदाचं! नुसता भाकरी मोडून राह्यला इथं!"

भाऊ म्हणाले, "पाटील, रस्त्याचं तुमाले माईत हाय, मले माईत हाय. आता बोलून कोनाले सांगू? ठेचा वाढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींनी गाडी जुंपली आणि पांदणीवरच्या काट्या भरून घरी आणल्या. कोणी काही विचारायच्या आत स्वतःच म्हणाले, "चुलीले काट्या नाईत घरात, कोनाचं ध्यान हाय का?" घरामागे काट्यांचा डोंगर रचलेला होता. पुढे एकदा त्यांनी भाऊंना ओसरीवरून उठवून आत स्वयंपाकघरात आणून बसवलं, "तिथं माश्या हायत" म्हणून. माश्या तर आतही होत्या. 'काय रे'चं 'आले का भाऊ' कधी झालं हे मात्र माझ्या लक्षात राहिलं नाही. मी बहुतेक त्या वेळी शुद्ध बोलण्यात गुंतले असेन.

मी भाऊंच्या कामात आले ती नवऱ्याच्या परवानगीनं आणि स्वतःच्या भाषणाच्या हौसेनं. मला वाटायचं, भाऊंचं सगळं बरोबर आहे, फक्त जोर कमी आहे. जोर मी देईन. अमरावतीला एका मोर्च्यात लाठीमार झाला आणि भाऊंच्या खांद्यावर काठी बसली. हाड मोडलं. मारणारा शिपाई कोवळा पोरगा होता. मारून झाल्यावर तोच भाऊंपेक्षा जास्त घाबरलेला. हात गळ्यात बांधून घेतल्यावर भाऊंनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर त्या शिपायाचं क्वार्टर शोधून काढलं. मी बरोबर. रस्त्यानं मी मनातल्या मनात भाषण पाठ करत होते. 'हे आरक्षका, ज्या हातांनी रक्षण करावे...' असं काहीतरी सुरू होणारं.

दार त्याच्या आईनं उघडलं. भाऊंनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. पोरगा आतून आला, गळ्यात बांधलेला हात पाहिला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. भाऊ जेवायला बसले, पण उजवा हात बांधलेला, डाव्या हातानं भाकर मोडेना. भाकर सगळीकडे पळायला लागली. म्हातारी थोडा वेळ पाहत राहिली, मग खाली बसली आणि तिनं भाकर कुस्करून, कालवून, एकेक घास भाऊंच्या हातात द्यायला सुरुवात केली. पोराकडे न पाहता म्हणाली, "तूच मारलं का रे ह्याईले?" भाऊच बोलले, "माय, त्याले साहेबानं सांगतलं. पोरगा चांगला हाय. कढी पातळ केली तुमी, आमच्याकडं इतली जमत नाई." माझं भाषण? मी त्या शिपायाच्या बायकोजवळ चुलीपाशी बसून पोळ्या लाटत होते. 'हे आरक्षका' तसंच पोटात राहिलं.

भाऊ देवमाणूस होते असं कोणी म्हटलं की मला घाई होते, सांगायची. पातोडी दिसली की त्यांना भान राहत नसे. सभेत ते हमखास झोपत, आणि जाग आली की टाळ्या वाजवत, मग बोलणारा विरोधात बोलत असला तरी. आणि त्यांची ती जेवणाची खोड एकदा त्यांना चांगलीच भोवली. लोकांच्या आग्रहावरून ते विधानसभेला उभे राहिले होते. प्रचार रंगात आलेला, आमची माणसं गावोगाव फिरतायत, आणि हे एका दुपारी गेले समोरच्या उमेदवाराच्या घरी जेवायला! आम्हाला न सांगता. गावात कोणीतरी पाहिलं. "भाऊ तिकडे जेवाले बसले" अशी बातमी निघाली, आणि पारावरून पारावर जाता जाता तिच्यातलं 'जेवाले' कुठेतरी गळून पडलं. संध्याकाळपर्यंत साऱ्या मतदारसंघात एकच, "भाऊ बसले!" आता निवडणुकीत उमेदवार बसला याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीत आहे. आतून सौदा झाला, गडी मागे हटला. झालं, डिपॉझिट गेलं. मी त्यांच्यावर इतकी भडकले होते की तोंडातून शुद्ध वऱ्हाडी निघाली. "काहून गेले हो तुमी तिथं? कोनं सांगतलं होतं?" भाऊ म्हणाले, "अव, त्याच्या मायचं भरीत लय दिवसाचं आयकून होतो." आणि वर, "अन् लोकं खोटं थोडीच बोलले? बसलो तं होतोच."

प्रत्येक दार उघडायचंच असं नाही. एका गावात दुपारभर उंबऱ्याबाहेर बसले, आतून भांड्यांचा आवाज येत होता, पण दार उघडलं नाही. परतताना मी चिडून बोलत होते. भाऊ नाल्याजवळ आल्यावर म्हणाले, "आज त्याईच्या घरी सयपाक नव्हता." एवढंच. तेव्हा मला ती पहाटेची विहारातली बैठक आणि हे जेवायला जाणं यांचा संबंध थोडासा कळला. तो माणूस उपाशी पोटीसुद्धा दुसऱ्याबद्दल वाईट मनात येऊ देत नव्हता, आणि त्याला ते सोपं जात नव्हतं. त्याच्या कानशिलाची शीर उडत होती, मी पाहिली.

आणि आता कमल. मामाजी गेले, शेताची वाटणी झाली, माझा नवरा आणि माझा दीर यांच्या शेतांमध्ये एक धुरा आला. धुरा म्हणजे दोन शेतांमधला मातीचा वरंबा. एका पेरणीत माझ्या नवऱ्यानं म्हणे धुरा दोन तासं सरकवला. तास म्हणजे नांगराची ओळ. इतकी ती जमीन, की तिच्यावर आडवं झोपायचं म्हटलं तर पाय शेजारच्या शेतात जातील. मोजणी झाली, दोघे सख्खे भाऊ आपसात बोलू लागले, मामला मिटला. पण मधल्या काळात कमल चारचौघीत बोलून गेली, "इतली शिकलेली बाई अन् धुरा सरकवते." आणि मी, सुशिक्षित, तिला म्हटलं, "अन् तू माह्यं ताट दाबून ठेवलं!" कारण वाटणीत जुन्या घरातली भांडी तिच्याकडे गेली होती, आणि त्यात भाऊंचं ते ताटही गेलं होतं. बस. पुढे तिचा नवरा गेला, माझा गेला. दोन्ही शेतं आता एकच माणूस बटईनं, म्हणजे वाट्यानं, करतो, तो धुऱ्यावरून सरळ ट्रॅक्टर नेतो. पण आम्ही दोघी लग्नाकार्यात एकमेकींकडे पाठ करून बसतो. मी अख्ख्या जिल्ह्याला भाऊंच्या अहिंसेवर व्याख्यानं देत फिरायची, आणि हिवरखेडची एसटी दिसली की मान वळवायची.

भाऊंना हे सलायचं. एकदा मी त्यांना टाळण्यासाठी ती ताटाची जुनी गोष्ट काढली, म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी मी ते ताट नसतं देल्लं तं?" त्यांनी मला पुरतं ओळखलेलं. म्हणाले, "ते तं तू चुकीनं केलं होतं, शकुतला. आता एकखेप समजून-उमजून कर."

तेरा-चौदा दिवसांपूर्वी चांदूर बाजारला भाऊंचं पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठीचा बौद्ध विधी, झालं. विहारात माणूस मावत नव्हता. गंमत अशी की लोक एकमेकांना ओळख सांगत होते ती अशी, "आमच्याकडे ते बेसन मागायचे." "आमच्याकडे कढी." तो शिपाई आला होता. आता रिटायर झालाय, डोक्याचे सगळे केस पांढरे. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुमी त्या दिवशी पोया लाटल्या होत्या." मग भाषणं. एक वक्ते माझ्याकडे हात करून म्हणाले, "या त्या क्रांतिकारक भगिनी..." आणि मला पहिल्यांदा ते ऐकवेना. उठून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याच्या स्टँडवर अकोटमार्गे हिवरखेडला जाणाऱ्या एसटीत बसले. हातात काही नाही. हा भाऊंचा नियम. हातात पेढ्याचा पुडा असला की माणूस पाहुणा होतो, भुकेला राहत नाही. सकाळपासून चहाशिवाय पोटात काही गेलं नव्हतं. वाटलं होतं, वाक्य एवढंसं आहे, त्यात काय म्हणायचं. कमलच्या गल्लीत वळले तेव्हा कळलं की भाऊ दारात उभे राहायच्या आधी पाच मिनिटं कोपऱ्यावर का थांबायचे. मला वाटायचं, दम लागतो त्यांना.

कमल दारातच कांदे पसरत होती. तिनं वर पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "कोन मेलं?"

"कोनी नाई. भूक लागली." मी चपला काढून हातात घेतल्या. "जेवाले येऊ का?"

ती माझ्या हातातल्या चपलांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "त्या चपला खाली ठेवा आदी. भाऊच्या हातात शोभत होत्या, तुमच्या नाई शोभत." आणि आत निघून गेली. मी उंबऱ्यात. आतून भांड्यांचा आवाज. उगाच जोरात. "बेसन हाय अन् भाकर. गोडधोड काई नाई."

"चालते."

"न चालून सांगता कोनाले."

मी आत जाऊन भिंतीजवळ बसले. तिनं समोर ताट ठेवलं. माझं. काठ थोडा दबला होता, पण लखलखीत. मी सवयीनं नावावर बोट फिरवलं, आणि बोटाला काहीतरी टोचलं. एक ठिपका. खिळ्यानं ठोकलेला, खोलगट, वाकडा.

"हे काय व?"

कमल भाकर वाढता वाढता थांबली. "भाऊनं केलं. डोये दाखवाले अकोल्याले गेले ना, त्याच्या आदल्या दिवशी इथं आले होते. जेवले, ताट धुतलं, अन् मले म्हने, खिया दे अन् दगड दे. म्हटलं, कायले? तं म्हने, शकुतलेले टिकली लावाची राह्यली हाय. मी म्हटलं, तुमाले दिसत नाई, बोटावर हानून घेसान. तं म्हने, तिले सांगू नोको. आली का दिसन तिले." मग पदरानं नाक पुसलं. "म्हने, शकुतला येईनच. मी म्हटलं, नाई येत. लय ताठ हाय."

म्हणजे त्या दिवशी माझ्याकडे अर्धी भाकर खाऊन उठले, तेव्हा ते हिवरखेडहून आले होते. 'तिले बी तेच वाटते' हे त्यांना म्हणून माहीत होतं... मी ताट उजेडाकडे धरलं. डोळ्यांत पाणी होतं, तरी नीट पाहिलं, आणि मॅट्रिक झालेल्या त्या पोरीनं इतक्या वर्षांनी पुन्हा डोकं वर काढलं.

"कमल, चुकला व अनुस्वार. 'कु'वर पायजे होता. त्याईनं 'श'वर मारला. हे शंकुतला झालं."

"आता ते बी भांडन काहाडता का?"

आधी ती हसली का मी, सांगता येणार नाही. हसता हसता तिला ठसका लागला, मी तिच्या पाठीवर थापट्या मारल्या, आणि मग बराच वेळ दोघींना जेवता आलं नाही. मधे एका माणसाची जागा आपोआप मोकळी राहिली होती. धुऱ्याचं बोलणं निघालं नाही. त्याचं तिला माहीत आहे, मला माहीत आहे.

जेवण झाल्यावर ती ताट घ्यायला आली, मी दिलं नाही. मोरीत बसून स्वतः धुतलं. पुसून तिच्या हातात दिलं, तर ती म्हणाली, "घेऊन जा ना आता. तुमचंच हाय."

"नोको, इथंच राहू दे. भायेरचं ताट हाय ते."

"भायेरचं मंजे?"

"पाहुन्याचं," मी म्हटलं. "मले पयलेपासूनच माईत होतं."